हिचे डोळे फिरलेत

माझा डावा डोळा नाकाकडे बघतो. उजवा सरळ आहे. समोरच्याला आधी कळत नाही मी नक्की कुणाशी बोलतेय, आणि कळलं की तो बिचारा स्वतःच दुसरीकडे बघायला लागतो. आता मला याची सवय झाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. रोज सकाळी तोंड धुताना आरशात बघते, आज तरी जागेवर आलाय का, आणि रोज चिडते.

मी सुलभा. नागावला आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे, तिच्यात चार खोल्या बांधून आम्ही होमस्टे चालवतो. म्हणजे मी चालवते. आमचे हे कंपनीत शिफ्टला जातात, सुट्टीच्या दिवशी गेस्टना समुद्राकडे जायची पायवाट दाखवतात आणि त्यालाच होमस्टे चालवणं म्हणतात. मुलगी सायली पनवेलला नोकरीला. वाडीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात माझे मोठे दीर आणि जाऊ राहतात. जावेला मी वैनी म्हणते. अंगण वेगळं, विहीर एकच.

आजाराची लांबलचक इंग्रजी नावं माझ्या फायलीत आहेत, ती तिथेच राहू देत. मला सांगायचंय ते थोडं आहे. चांगल्या माणसाचा डोळा अचानक वळला, एकाचे दोन दिसायला लागले, तर चष्म्याचा नंबर बदलला असं समजून बसू नका. आणि दुसऱ्या कुणाचा वळलेला दिसला तर त्याला तोंडावर सांगा. बोलणं बंद असलं तरी सांगा.

दोन रिक्षा

श्रावणातली गोष्ट. अलिबागला बाजार करून एसटी स्टँडासमोर रिक्षाची वाट बघत होते. डावीकडून एक रिक्षा आली आणि तिच्या अंगाला अंग लावून दुसरी. म्हटलं, शर्यत लावलीय काय मेल्यांनी! हात केला. जवळ आल्या तर एकच. रिक्षावाला म्हणाला, "बसा मावशी, काय बघताय?" मी त्याच्या शेजारी कुणी आहे का ते बघत होते, पण हे त्याला काय सांगणार?

मग रोजच व्हायला लागलं. जवळचं ठीक दिसायचं. ताटातला भात एकच, सुई एकच. लांबचं आणि डावीकडचं बघायला गेलं की दोन. एक डोळा मिटला की मात्र सगळं जागेवर. म्हणून मी लांब बघताना डावा डोळा मिटायला लागले आणि त्यातून एक भानगड झाली. ठाण्याचं एक कुटुंब राहायला आलं होतं. सकाळी घावन किती घालायचे म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारातून पडवीत बसलेली डोकी मोजत होते. एक डोळा मिटून. संध्याकाळी त्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "काकी, तुम्ही यांना आधीपासून ओळखता का?" मला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ह्यांना सांगितलं तर हसून हसून खोकला लागला. म्हणाले, "या वयात गेस्टना डोळे मारतेस? घ्या, रिव्ह्यू झकास येणार!"

मीही हसले. चष्मा बदलून आणला. माझी साखर जरा वर असते, म्हणून भात कमी केला. डोळ्याच्या मागे कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं, त्यावर बाम चोळला. मग एक युक्ती सापडली. तोंड डावीकडे फिरवून उजव्या कोपऱ्यातून बघितलं की दोनाचं एक होतं. झालं, मी तशीच वावरायला लागले. आता तुम्हीच सांगा, एखादी बाई तुमच्याशी बोलताना तोंड फिरवून कोपऱ्यातून बघत असेल तर काय वाटेल? हिला माज आलाय. दुसरं काय वाटणार?

सूप

आमच्याकडे गौरीला ओवसा असतो. सुपात नारळ, फळं, भाज्या, पानं मांडायची, दोरा गुंडाळायचा, सूप गौरीपुढे पाच वेळा ओवाळायचं आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात देऊन पाया पडायचं. सासूबाई गेल्यापासून माझा ओवसा घ्यायचा मान वैनीचा. गौर बसते तीही वैनीच्याच घरात.

त्या वर्षी आमचं आधीच बिनसलं होतं. गेस्ट वाढले तसा विहिरीवरचा पंप जास्त चालायला लागला आणि वैनीच्या सुपारीला पाणी कमी पडायला लागलं. तिचं म्हणणं खरं होतं, हे मी आज लिहू शकते. तेव्हा मी तिला "बघवत नाही तुला" असं बोलले होते. माझी जीभ म्हणजे अडकित्ता, आई म्हणायची. तरी गौरीच्या दिवशी दोघींनी नवी लुगडी नेसली, काही घडलंच नाही अशा थाटात. आळीतल्या दहा-बारा बायका जमल्या होत्या.

वैनी माझ्या डाव्या हाताला पाटावर बसली होती. मी ओवाळून वळले तर मला दोन वैन्या दिसल्या. दोघींच्या नाकात नथ, दोघींनी पदर पसरलेला. आता सगळ्यांसमोर डोळा कसा मिटणार? अंदाजाने सूप पुढे केलं आणि सोडलं.

चुकीच्या वैनीच्या हातात दिलं मी ते. सूप खाली आपटलं. नारळ गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला, पडवळाचे दोन तुकडे झाले. मी घाबरून वैनीकडे बघितलं, म्हणजे ती जिथे दिसेल तिथे, तोंड फिरवून कोपऱ्यातून. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कितीतरी वेळ. मग उठली आणि म्हणाली, "डोळे फिरलेत हिचे. चार खोल्या काय बांधल्या, गौरीसमोर ओवसा फेकते!"

"वैनी, सुटलं गं हातातून..."

"सुटलं नाही, सोडलंस."

आणि ते खरंच होतं. मी सोडलंच होतं.

त्या दिवसापासून वैनीचं आणि माझं बोलणं बंद. आळीत मात्र सुरू. दुकानात गेले, पिठाच्या गिरणीवर गेले, की मागून हळूच ऐकू यायचं, सुलभाचे डोळे फिरलेत. मी मान आणखी ताठ करून चालायची. आत जीव रडकुंडीला आलेला, पण दाखवेन तर शपथ.

मासेवालीने सांगितलं

रेवदंड्याची हिराबाय आमच्या दारावर मासे घेऊन येते. श्रावणापासून नवरात्र संपेपर्यंत आमच्याकडे मासे बंद, म्हणून ती आली ते थेट कोजागिरी झाल्यावर. मी पायरीवर बसून मांदेलीचा भाव करत होते. हिराबाय भाव सांगता सांगता थांबली. पाटीवरचा हात तसाच ठेवून वाकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

"गो बाय, तुजा डोला वाकरा झायलाय!"

"अगं, चष्मा नाही ना लावलेला."

"चष्म्याचं काय सांगतंस मना? नाकात शिरलाय डोला. घो बगत न्हाय काय तुजा?"

घो म्हणजे नवरा. तो आत चहा पीत होता. मी हाक मारली, उजेडात उभी राहिले आणि म्हटलं, बघा. ह्यांनी बघितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण माझ्या तोंडाकडे इतका वेळ ह्यांनी पहिल्यांदाच बघितलं असेल. कपबशी हातातच राहिली. "सुलभा, कधीपासून?" म्हणाले. मांदेली त्या दिवशी घेतलीच नाहीत आणि हिराबायही न चिडता गेली. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं. साखर वर होती. म्हणाले, साखरेने कधी कधी डोळ्याची नस रुसते, दोन-तीन महिन्यांत आपोआप येते जागेवर. गोळ्या दिल्या. आम्ही खुशीत घरी. रुसली काय, मनवू तिला! मी साखर तोडली, भात तोडला, कार्ल्याचा रस प्यायले. डिसेंबरच्या सुट्टीचे गेस्ट आले, त्यांना पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, हवी होती. ह्यांनी मडकं भरून दिलं आणि मी डोळ्यावर रुमाल बांधून शेंगा निवडत बसले. डोळा होता तिथेच. उलट कपाळाची आणि गालाची डावी बाजू जड झाली, दंतवाल्याने सुई दिल्यावर होते तशी. कुंकू लावताना बोट लागलेलं कळेना.

सायलीने सुट्टी काढली आणि मला पनवेलला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती ती. तिने माझ्यासमोर बोट धरलं. "डोकं हलवू नका, नुसत्या डोळ्यांनी बोटाच्या मागे या." बोट डावीकडे गेलं. मला वाटत होतं माझे दोन्ही डोळे चाललेत. सायली बाजूला उभी होती, तिने तोंडावर हात धरला. डावा डोळा मध्यावर येऊन थांबला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या डोळ्याचा.

डॉक्टर म्हणाली, "काकू, एमआरआय करायचा. पुढच्या आठवड्यात नाही, आज."

गाठ साधी, जागा वाईट

रिपोर्ट घ्यायला हेही पनवेलला आले. पाकीट ह्यांच्या हातात होतं, पण इंग्रजी वाचायला सायली. ती वाचत होती आणि ओळीगणिक हळू होत गेली. मी म्हटलं, "अगं मोठ्याने वाच की." ती म्हणाली, "आई, पाणी पितेस?" तेव्हाच कळलं. तहान मला लागली नव्हती.

तिने ज्यांच्याकडे पाठवलं त्या मेंदूच्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी एक बारीक नस असते. ती मेंदूतून निघते आणि कवटीच्या तळावरून लांबचा रस्ता काढत डोळ्यापर्यंत जाते. त्या रस्त्यात काहीही उगवलं तरी आधी तीच सापडते. माझ्या कवटीच्या तळाशी, डाव्या डोळ्याच्या मागे, गाठ होती.

हे म्हणाले, "पण हिला तर डोळ्याचा त्रास आहे." परत म्हणाले, "डोक्याचं काही नाही हिला, हिशोबबिशोब सगळा नीट करते." डॉक्टरांना हे पटवून दिलं तर गाठ जाईल अशा आवाजात बोलत होते.

मी विचारलं, "वाईट आहे का?" आम्ही त्या रोगाचं नाव घेत नाही, वाईट म्हणतो.

"दिसते तरी साधी," डॉक्टर म्हणाले. "पण जागा वाईट."

"आणि डोळा?"

"आधी तुम्ही, मग डोळा."

मला या उत्तराचा इतका राग आला! मी आणि माझा डोळा वेगळे कधी झालो? घरी यायला निघालो. पेणच्या जवळ ह्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून झाडामागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. सायली उठायला लागली तर मी तिचा हात धरून खाली बसवली. बापाला रडताना मुलीने कशाला बघायचं?

मुंबई

ऑपरेशन मुंबईला. मांडव्याहून बोटीने गेलो. डोळ्यावर पट्टी, मांडीवर फाईल. आमच्याकडे येणारे गेस्ट याच बोटीने हसत खिदळत येतात, आणि मी त्यांच्या उलट चालले होते.

दवाखान्यात माणसाचं काही स्वतःचं राहत नाही. पहाटे पाचला सिस्टर येऊन दिवा लावणार, दंडाला पट्टा आवळणार, डोळ्यात बॅटरी मारणार, बोटं दाखवणार. "किती?"

"दोन. म्हणजे तुमचं एकच असेल."

ती हसली. मग रोज मुद्दाम एकच बोट दाखवायची.

डॉक्टरांनी सांगितलं, नाकातून जाऊ, कवटी उघडायची नाही. ह्यांनी तीन वेळा विचारलं, "नाकातून?" मी म्हटलं, "माझं नाक काय उखळ आहे, आख्खा डॉक्टर आत जाईल?" सगळे हसले. हसणारं माणूस घाबरलेलं नसतं असं त्यांना वाटलं असावं. मी इतकी घाबरले होते की दोन दिवस पोट साफ होत नव्हतं.

मग सहीचा कागद आला. काय काय होऊ शकतं त्याची यादी. वास जाईल, डोळ्याची दृष्टीच जाईल, अंगावरून वारं जाईल, माणूस जाईल. सायली वाचून दाखवत होती आणि हे "बरं, बरं" म्हणत होते, किराणा मालाची यादी असावी तसं. कागद ह्यांच्यासमोर आला तसा माझा तोल गेला. "डोकं माझं आणि बरं बरं तुम्ही काय म्हणता? काही झालं तर तुम्ही घरी जाल!" आख्ख्या वॉर्डाने ऐकलं. ह्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मग काय करू ते सांग तू. तू सांगशील ते करतो." मी सही केली, खाली त्यांनी केली.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डातल्या आयाबाईने, मी न सांगता, माझे केस विंचरून दोन घट्ट वेण्या घातल्या. "सुटे राहिले तर आत कुणी वेळ घालवत नाही, गुंता होतो," म्हणाली. आई गेल्यानंतर माझे केस पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी विंचरले. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

शुद्धीवर आले तेव्हा नाक बोळ्यांनी भरलेलं, तोंडाने श्वास, घसा लाकडासारखा. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. आणि घशात खारट पाणी उतरल्यासारखं वाटलं तर ताबडतोब सांगायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. झालं! मी समुद्राकाठची बाई, मला जन्मभर ओठाला खारट लागतंय. प्रत्येक घोट गिळताना चव बघत पडले. तिसऱ्या दिवशी खरंच खारट लागलं. बेल दाबली, सिस्टर धावत आली, डॉक्टर आले, मान वाकवून तपासलं. काही नव्हतं. मी रडले होते, तेच घशात उतरलं होतं.

"मग रडू नका," सिस्टर म्हणाली. हे बरं आहे.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. बरीच गाठ निघाली. थोडी रक्ताच्या मोठ्या नळीला चिकटली होती, ती ओढली असती तर मी राहिले नसते, म्हणून ठेवली. तिला लाईट द्यायची, म्हणजे मशीनच्या किरणांनी जाळायची. मी एकच विचारलं.

"डोळ्याची नस तुटलेली नाही," ते म्हणाले. "पण चेपलेली आहे. येईल का, ते ती किती दिवस दबून होती त्यावर. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात कधी आलं, डोळा वळल्याचं?"

"कोजागिरीनंतर," हे म्हणाले. "मासेवालीच्या."

"त्याच्या आधी कुणाच्याच नाही?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "जरा आधी कळलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी केलंच नाही. ते अर्धं वाक्य मी किती वेळा पुरं केलं असेल! कार्ल्याचा रस पीत बसले नसते तर. चष्म्याच्या दुकानाऐवजी डॉक्टरकडे गेले असते तर. ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं असतं तर. दिवस मोजायचं वेडच लागलं मला.

सहा आठवडे सायलीच्या पनवेलच्या खोलीवर राहून लाईट घेतली. तोंडावर जाळीचा मुखवटा आवळायचे, हलता यायचं नाही, नाकावरून माशी गेली तरी जाऊ द्यायची. रोज सकाळी सायली मला खुर्चीत बसवून कामावर जायची आणि रोज संध्याकाळी आम्ही कशावरून तरी भांडायचो. एकदा ती ओरडली, "आई, मी पण माणूस आहे!" मग दोघी एकाच ताटात जेवलो.

थेंब

चैत्रात घरी आले. खोल्यांना कुलपं, वाडीत झावळ्या पडलेल्या. कपाळाची डावी बाजू आणि डोळा आतून बधिरच राहिला. डोळ्यात कुसळ गेलं तरी कळत नाही, म्हणून तो सुकू नये, जखम होऊ नये, यासाठी दिवसातून चार वेळा औषधाचे दोन-दोन थेंब. ते मला स्वतःला घालता येत नाहीत. बाटली दोन दिसतात आणि थेंब पडला की नाही तेही कळत नाही. दुसऱ्याने घालायचे, दुसऱ्याने सांगायचं, पडला. हे घालायचे, पण नेम चुकायचा. एकदा कानात घातले. आणि ह्यांची शिफ्ट सुरू झाली की दिवसाचं काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी पायरीवर सावली पडली. वैनी. हातात पेजेचं भांडं. गौरीनंतर पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्यात. भांडं ठेवलं, इकडेतिकडे बघितलं, बाटली उचलली आणि म्हणाली, "मान मागे कर."

एवढंच. मी मान मागे केली.

मग ती रोज आली. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला, झोपायच्या आधी. एकही पाळी चुकली नाही. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन आली. मला नाहायला घातलं, जेवणात मासळीचे काटे काढून दिले. सुपाचं ती काही बोलली नाही, मीही नाही. ह्यांना म्हटलं, "रक्ताचं नसलं तरी माणूस माणूसच. मी उगाच तिला बोलले." पंपाच्या वेळा मी स्वतः वाटून दिल्या.

मागच्या आठवड्यात तपासणी झाली. उरलेली गाठ वाढलेली नाही, दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. डोळा तपासला. बोट डावीकडे गेलं. या वेळी मी सायलीच्या तोंडाकडेच बघत होते, म्हणून मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

"ही नस आता यायची नाही," डॉक्टर म्हणाले. "हवं तर पुढे स्नायूचं छोटं ऑपरेशन करून डोळा सरळ दिसेल असा करू. पण तो वळणार नाही."

आणि मी आठ महिने आरशापुढे उभी होते.

संध्याकाळी वैनी आली. मी खुर्चीत बसले, मान मागे टाकली. म्हटलं, "वैनी, डोळा गेलाच म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर नस वाचली असती कदाचित. हिराबायच्या आधी कुणाच्या नजरेलाच आलं नाही बघ."

तिने एक थेंब घातला. "पडला," म्हणाली. मग बाटली तशीच वर धरून उभी राहिली.

"माझ्या आलं होतं."

"काय?"

"गौरीच्या दिवशी. सूप पडलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं ना. डोळा नाकाला लागलेला होता तुझा. स्पष्ट दिसला मला." तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं म्हणून सांगावं तसा. "मला वाटलं, गौरीनेच दाखवलं हिला. बरं झालं म्हटलं. मग चार दिवसांनी वाटलं, सांगावं. पण आधी बोलायचं कुणी? मग गणपती गेले, पितृपक्ष आला. रोज वाडीतून तुला बघायची. रोज जास्त आत गेलेला असायचा. मग लाजच वाटायला लागली, इतके दिवस का नाही बोललीस असं विचारलंस तर काय सांगू?"

गौरीपासून हिराबायपर्यंत सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांनी डोळा वाचला असता का, ते कुणी सांगू शकत नाही. अलिबागच्या डॉक्टरांनी तेव्हाही साखरच सांगितली असती. मी विचारायचं तरी कुणाला? पण माझ्या अंगाची आग आग झाली. डोळे फिरलेत हिचे, म्हणून आळीभर सांगत फिरली, आणि तिला माहीत होतं. तो शब्द तिने डोळ्याने बघून वापरला होता. मला उठून तिच्या झिंज्या धरायच्या होत्या. माझी अडकित्त्यासारखी जीभ कुठे गेली होती कोण जाणे.

ह्यांची रात्रपाळी होती. सायली पनवेलला. झोपायच्या आधीचे थेंब अजून व्हायचे होते, आणि उद्याच्या चार पाळ्या, परवाच्या चार. माझी मान मागे टाकलेली आणि डोळा तिच्या बोटांनी उघडा धरलेला.

"वैनी," मी म्हटलं, "दुसरा थेंब राहिलाय."